चपलांच्या कपाटावरचा कुकर

वाचणाऱ्याने आधी मला माफ करावं. माझं शिक्षण चौथी, आणि त्यानंतर पेन हातात आलं ते फक्त सहीपुरतं, त्यामुळे ऱ्हस्व दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर तर असं की माझी मुलगी सोनल म्हणते, आई, तुझ्या ओळी डोंगर चढायला निघतात. पण कोर्टाने माझ्यावर वर्षभर लक्ष ठेवायला ज्या मॅडम नेमल्यात त्या एकदा म्हणाल्या, कमलताई, तुम्ही दर महिन्याला येता, खुर्चीच्या टोकावर बसता, हो नाही करता आणि जाता, तोंडाने बोलवत नसेल तर लिहून काढा. मी त्यालाही हो म्हणाले. म्हणून सोनलच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेऊन रोज दुपारी थोडं थोडं लिहिते. मॅडमना दाखवीन की नाही ते माहीत नाही.

माझा जन्म दिघ्याचा. आई-बाप जालन्याकडून खाणीवर दगड फोडायला आले आणि इथलेच झाले. खाणीजवळ शाळा होती, तिथे एक गुरुजी होते, त्यांनी आम्हा पोरींना बाकी काही आलं नाही तरी चालेल पण पूर्ण नाव लिहिता आलं पाहिजे म्हणून रोज पाटीवर दहा वेळा नाव लिहायला लावलं. पुढे पाठच्या भावंडांना सांभाळायला शाळा सोडली. खाणीवर शनिवारी पगार व्हायचा तेव्हा सगळ्या बायका शाईत अंगठा बुडवायच्या, आणि मी आईच्या हाताखाली खडी भरायचे तर माझ्या नावापुढे मी सही करायचे. मुकादम हसायचा, म्हणायचा, आली बघा तहसीलदारीण, हिला खुर्ची द्या रे. मला लाज वाटायची पण आतून बरंही वाटायचं. हे मी उगाच सांगत नाही, या सहीचा पुढे संबंध आहे.

माझं लग्न झालं ते कळंबोलीला लोखंडाच्या सळ्यांचा टेम्पो चालवणाऱ्याशी. माणूस चांगला आहे, पण घरी रविवारी येणार, जेवणार, झोपणार आणि सोमवारी जाणार. घर मीच चालवलं. ऐरोलीत पाच घरची कामं होती, त्यातलं सगळ्यात जुनं काकूंचं. अकरा वर्षं. काकू मूळच्या देवरुखकडच्या, इकडे शाळेत शिकवून रिटायर झाल्या, चौथ्या मजल्यावर त्या आणि त्यांचा मुलगा नितीनदादा. नितीनदादा लॅपटॉप घेऊन घरूनच काम करायचे. त्यांचं लग्न मोडलं होतं, त्यामुळे त्या घरात बोलणं कमीच. काकू मोजकं बोलणाऱ्या आणि मी तर न बोलणारी. आमचं जमलं ते त्यामुळेच, आणि बिघडलं तेही त्यामुळेच.

काय सांगू तुम्हाला, काही बायका जुनं देतात तेव्हा हातात देतात, वरून सांगतात, फार काही वापरलेली नाही हं, दोनदाच नेसलेय. काकूंना तसं देववत नसे. पहिल्या दिवाळीला त्यांनी दाराबाहेर चपलांच्या कपाटावर एक निळी कापडी पिशवी ठेवली. मी दोन दिवस तिच्या शेजारून आले गेले, हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी काकू गॅसकडे तोंड करून म्हणाल्या, ते बाहेर ठेवलंय ना, ते तुझं आहे गं. पिशवीत साडी होती. दुसऱ्या दिवशी मी पिशवी धुऊन घडी करून परत कपाटावर ठेवली. झालं, त्यानंतर अकरा वर्षांत या गोष्टीवर आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. कपाटावर भरलेली निळी पिशवी दिसली की ती माझी, आणि घडी केलेली पिशवी दिसली की काकूंना कळायचं की पोहोचलं. चादरी आल्या, सोनलच्या कॉलेजसाठी ड्रेस आले, एकदा तर पुरणयंत्र आलं.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी काकूंनी माळा साफ करून घेतला. मी शिडीवर, त्या खाली. शनिवारी काम आटोपून निघाले तर कपाटावर निळी पिशवी, आत दोन चादरी आणि एक जुना पाच लिटरचा कुकर. माळ्यावरून मीच काढून दिला होता, शिट्टी नव्हती, झाकण घट्ट बसलेलं. मला आनंद झाला. वाटेत दुकानातून शिट्टी आणि रबराची रिंग घेतली, घरी येऊन घासायला म्हणून झाकण उघडलं, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चांदी. एक मोठं तबक, दोन निरांजनं, पळी पंचपात्री आणि एक लहान वाटी. वाटीवर बारीक अक्षरात कोरलेलं होतं. चि. नितीन.

ते मी वाचलं. हे मला इथे नीट लिहायचं आहे. नाव वाचल्यावर ही चांदी कोणाची आणि ती मला दिलेली नाही हे मला त्याच क्षणी कळलं, भर दुपार होती, डोकं ठिकाणावर होतं, घरात कोणी धाक घालणारं नव्हतं. मी ठरवलं, सोमवारी जाताना घेऊन जायचं. सगळं परत कागदात बांधलं आणि पिठाच्या डब्यात ठेवलं.

आमच्या चाळीला तेव्हा रिकामी करायची नोटीस लागलेली होती. ज्याने आम्हाला खोली विकली तो फोन उचलत नव्हता. दुसरी खोली बघितली होती, तिचं डिपॉझिट द्यायचं होतं, त्यात वीसेक हजार कमी पडत होते. रविवारी त्या नव्या खोलीचा मालक दारात आला, म्हणाला, मावशी, टेन्शन देत नाही पण उद्या दुसरी पार्टी येतेय. आमचे हे त्या रविवारी आले नाहीत, गाडी पुण्याला गेली होती. मी फोन केला तर म्हणाले, बघ काय होतं ते, मी काय आता रस्त्यात उभा राहून पैसे छापू का. मी फोन ठेवला आणि पिठाच्या डब्यातून तबक काढलं. फक्त तबकच काढलं, बाकीच्याला हात लावला नाही, जणू एवढंच घेतलं तर अर्धं पाप. सोनाराने एकोणीस हजार दिले. मी स्वतःला सांगितलं, हे उसने घेतले, दिवाळीच्या बोनसात तबक सोडवून आणायचं. सोनाराने ते कधीच वितळवलं असेल हे मला कळत नव्हतं असं नाही.

सोमवारी मी निळी पिशवी धुऊन घडी करून कपाटावर ठेवली.

त्यानंतर रोज त्या घरात गेले. रोज वाटायचं, आज सांगू. भांडी घासताना वाक्य जुळवायचे, काकू, तुमच्या कुकरात ना. आणि काकू स्वयंपाकघरात आल्या की नळ मोठा करायचे. चार-पाच आठवडे असेच गेले. धनत्रयोदशीला काकूंनी चांदी काढायला कपाट उघडलं. मी फरशी पुसत होते. त्या बाहेर आल्या, चष्मा डोक्यावर, म्हणाल्या, कमल, तबक निरांजनं कुठे बघितलीस का गं, मी या खणातच ठेवते.

मी म्हणाले, नाही काकू.

तोपर्यंत मी नुसती गप्प होते. बघितली का असं त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणाले. मॅडम, तुम्ही मला दर महिन्याला विचारता, त्या दिवसाबद्दल काय वाटतं. लोकांना वाटतं चोरी शनिवारी झाली किंवा रविवारी झाली. माझ्या हिशेबाने ती धनत्रयोदशीला झाली, फडकं हातात असताना.

भाऊबीज झाली आणि नितीनदादांनी तक्रार दिली. कपाटातली चांदी गेली, घरात तिसरं माणूस येतं ते एकच. मला पोलीस ठाण्यात नेलं. तिथल्या बाईंनी अजून काही विचारलंही नव्हतं, नाव गाव चालू होतं, तेवढ्यात मीच म्हणाले, बाकीची माझ्या घरी पिठाच्या डब्यात हाय, कुकरात सापडली, तबक मी विकलं. त्या हसल्या, म्हणाल्या, कुकरात? कोन ठेवतं कुकरात चांदी? भाताबरोबर शिजवायला? मग हवालदाराने जबाब लिहिला आणि माझ्याकडे बघून शाईचा डबा पुढे सरकवला. मला सही येते असं म्हणायला तोंड उघडलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा अंगठा दिला. घरी जाऊन चांदी आणली, कुकरसुद्धा जप्त केला, नव्या शिट्टीसकट. सोसायटीच्या गेटवरचं माझं कार्ड बंद झालं आणि उरलेल्या चारही घरांनी फोनवर, उद्यापासून नको, एवढंच सांगितलं.

जामीन झाला. आमचे हे आले, ओट्यावर बसले, मग म्हणाले, त्या दिवशी फोनवर मी नीट बोललो असतो तर. मी म्हणाले, तुमचा काय संबंध, हात माझा होता. तेही खरं आणि त्यांचंही थोडं खरं.

मला वकील मिळाल्या त्या सरकारतर्फे, फुकट. तरुण पोरगी, खांद्याला जड बॅग, चहा उभ्यानेच प्यायची, पण मनापासून काम करणारी. तिने समजावलं ते मी नीट लक्षात ठेवलंय. म्हणाली, ताई, कायदा नुसतं काय केलं ते बघत नाही, करताना मनात काय होतं तेही बघतो. तुम्हाला खरंच वाटलं की पिशवी तुमची, तर ती घेणं ही चोरी होत नाही. आणि जिथे चूक झालीच, तिथेही मजबुरी होती का, धाक होता का, पहिलीच वेळ का, याला जागा असते. पण ते सांगायला लागतं, कोर्ट तुमच्या पोटात शिरून बघणार नाही. मग विचारलं, नवऱ्याने सांगितलं होतं का विकायला? नाही. त्या दिवसांत तब्येत, डोकं वगैरे? नाही. ती कागद उलटत थांबली आणि एकदम खूश झाली. अरे, इथे तर अंगठा आहे! म्हणजे तुम्हाला वाचता येत नाही. मग वाटीवरचं नाव तुम्ही वाचलंच नाही. कुकर दिला, त्यात चांदी निघाली, अडाणी बाईला वाटलं काकूंनीच दिली. संपलं. तुम्ही सुटता ताई.

मी काही बोलले नाही. आणि माझं न बोलणं म्हणजे हो, असंच लोक आयुष्यभर धरत आले.

सोनल नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला नोकरी लागताना घरची चौकशी झाली तर काय, या भीतीने ती वाळली होती. तिला मी अंगठ्याचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, आई, देवाने वाट दिलीये, तू फक्त गप्प बस, ते तर तुला जमतंच ना. मी म्हणाले, तुला पहिलीत असताना अ आ कोणी शिकवलं. ती म्हणाली, तू. मी म्हणाले, मग कोर्टात अडाणी म्हणून उभी राहू? ती चिडली. मग राहा ना! तुरुंगात हुशार म्हणून राहण्यापेक्षा बाहेर अडाणी राहिलेलं काय वाईट? तिचं चुकीचं नव्हतं. मला तुरुंगाची भीती वाटत होती, आजही वाटते. पण पाटीवर दहा वेळा लिहिलेलं नाव मला दिसायचं, आणि काकूंचं, ते तुझं आहे गं, हेही ऐकू यायचं. त्यांनी मला तबक दिलं असं मी म्हणणार, म्हणजे पुन्हा काकूंच्या तोंडावर नाही म्हणण्यासारखंच.

बेलापूरच्या कोर्टात बऱ्याच तारखा झाल्या. मग काकूंची साक्ष लागली. काकू काठी घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं तसं त्यांनी सांगितलं की चांदी कपाटात असते आणि ती नव्हती. मग माझी वकील उठली. बाहेर पिशवी ठेवण्याची पद्धत होती का? नितीनदादा मागच्या बाकावरून आईकडे बघत होते. काकूंनी काठी सावरली. मग शाळेत बोलत असतील तशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या, होती. अकरा वर्षं होती. मी कपाटावर ठेवायची आणि ती घेऊन जायची. कुकर मीच ठेवला. वकिलीणबाई म्हणाल्या, आणि चांदी? काकू म्हणाल्या, मला आठवत नाही. पण गावाला जाताना चांदी जुन्या कुकरात घालून माळ्यावर टाकायची ही माझ्या सासूबाईंची पद्धत, तीच माझी. मे महिन्यात आम्ही देवरुखला गेलो होतो. आल्यावर काढली की नाही ते मला आठवत नाही. तुमच्या लक्षात राहील सगळं माझ्या वयात?

कोर्टात हसले सगळे. काकू हसल्या नाहीत. नितीनदादा उठून बाहेर गेले.

त्यानंतर न्यायाधीश साहेबांनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. वकिलीणबाईंनी मान हलवली, जेवढं ठरलंय तेवढंच, अशी. साहेबांनी कागद बघत विचारलं, शिक्षण काही नाही ना?

मी म्हणाले, चौथी.

आवाज इतका बारीक आला की साहेब म्हणाले, मोठ्याने बोला. मग मी मोठ्याने बोलले, माझा आवाज मलाच ओळखू येईना. चौथी पास हाय साहेब, मला वाचता येतं, सही येते, ठाण्यात अंगठा दिला तो घाबरून दिला. पिशवी घेतली तेव्हा मला वाटलं माझी. झाकण उघडलं आणि वाटीवर नितीनदादांचं नाव वाचलं तेव्हा कळलं माझी नाही. तरी तबक विकलं, खोलीचं डिपॉझिट भरायला. आणि काकूंनी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. घेताना माझं चुकलं नाही, ठेवताना चुकलं. वकिलीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मला तिचंच जास्त वाईट वाटलं.

निकालाच्या दिवशी साहेबांनी इंग्रजीत बरंच वाचलं, मग मराठीत सांगितलं. चोरी सिद्ध होत नाही. पण सापडलेली दुसऱ्याची वस्तू माहीत असून ठेवून घेतली, विकली, हा गुन्हा सिद्ध होतो. मग शिक्षेचं. पहिलीच वेळ, बाकीची चांदी पोलिसांनी विचारायच्या आत सांगितली, डोक्यावर छप्पर जायची वेळ होती, आणि जे सांगितल्याने स्वतःचं नुकसान होईल तेही खरं सांगितलं, हे सगळं लक्षात घेऊन तुरुंगात न पाठवता एक वर्षाचं चांगल्या वागणुकीचं बंधपत्र, आणि तबकाची किंमत चोवीस हजार, काकूंना दर महिन्याला दोन हजार. बंधपत्रावर कारकुनाने सवयीने शाईचा डबा सरकवला. मी तो बाजूला केला आणि पूर्ण नाव लिहिलं. ओळ वर चढली.

बाहेर वकिलीणबाई म्हणाली, ताई, तुम्ही माझी सगळी तयारी पाण्यात घातलीत. मग म्हणाली, चहा पिऊया. त्या दिवशी पहिल्यांदा ती बसून चहा प्यायली.

आता मी कोपरखैरण्याला एका पोळीभाजी केंद्रावर पोळ्या लाटते. तिथल्या बाईंना मी आधीच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, इथे चांदी नाही, पीठ आहे, लाट. सोनलला नोकरी लागली, पण कोर्टाबद्दल ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. ती तिच्या पद्धतीने बोलेल तेव्हा बोलेल.

पैसे काकूंच्या हातात द्यायचे असं काकूंनीच कोर्टाला सांगितलं होतं. म्हणून दर महिन्याच्या पाच तारखेला मी सोसायटीच्या गेटवर उभी राहायचे, वॉचमन वर फोन लावायचा, मौसी आयी है, आणि मग सोडायचा. दार मात्र बंद असायचं. मी पाकीट चपलांच्या कपाटावर ठेवायचे आणि तिथेच आधीच्या महिन्याची पावती घडी करून ठेवलेली असायची. अकरा महिने असेच. आम्ही दोघी आमच्या जुन्या पद्धतीनेच वागत होतो, फक्त वस्तू उलट्या बाजूला जात होती.

परवा शेवटचा हप्ता होता. वर गेले तर कपाटावर पावती नव्हती, कुकर होता. कोर्टातून सुटून आलेला, त्याच शिट्टीसकट. मी पाकीट हातात धरून तशीच उभी राहिले. निळी पिशवी नव्हती, नुसता कुकर. अकरा वर्षांत जे कधी विचारलं नाही ते विचारायला बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. खूप वाळल्यात. मी म्हणाले, काकू, हा कुकर माझ्यासाठी हाय का?

त्या म्हणाल्या, हो. पण या वेळी आत बघून घे.

मी झाकण काढलं, त्या वाकल्या, आम्ही दोघींनी आत बघितलं. काही नव्हतं. काकूंच्या तोंडावर किंचित हसू आलं असं मला वाटलं, पण नक्की सांगता येत नाही. त्यांनी मला आत ये म्हटलं नाही, मीही गेले नाही. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उंबऱ्यात उभ्या राहून नोटा मोजल्या, मग दाराच्या फळीवर कागद टेकवून लिहिलं. एवढ्या वर्षांच्या शिक्षिका, पण अक्षर माझ्यासारखंच वर चढलेलं. मी तिथेच उभी राहून वाचलं. शेवटचा हप्ता मिळाला. चोवीस हजार पूर्ण झाले. कमलकडून काही येणे नाही.